जुनी गाडी उभ्या-उभ्या थरथरते? रेस वाढवण्याआधी या चुका टाळा

गाडी सिग्नलला उभी आहे. आरपीएमचा काटा आठशेवरून सहाशेवर घसरतो, आरसा थरथरायला लागतो, डॅशबोर्ड कुरकुरतो. आपण हलकेच अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि इंजिन एकदम शहाणं होतं. मग वाटतं, रेसच कमी झालीये हिची, स्क्रू थोडा फिरवला की झालं.

मीही तेच केलं होतं. इंजेक्शनवाल्या गाडीत थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) कडेला एक बारीक स्क्रू दिसतो. तो मी पाव फेरा आत घेतला. दोन दिवस गाडी छान चालली, तिसऱ्या दिवसापासून रेस नऊशे ते पंधराशे अशी वर-खाली हेलकावे खायला लागली. तो स्क्रू रेससाठी नसतोच. झडप पूर्ण बंद होताना भिंतीत अडकू नये म्हणून कंपनीतून बसवून आलेला तो अडसर आहे. तो हलला की ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, झडप बंद झाल्याचं नीट कळत नाही आणि आयडलचा (गाडी उभी असतानाच्या रेसचा) ताबा त्याच्या हातून सुटतो. कार्बोरेटरच्या गाडीत आयडल स्क्रू खरोखर रेससाठीच असतो, पण तिथेही कालपर्यंत बरोबर असलेली सेटिंग आज आपोआप बिघडत नाही. बिघाड दुसरीकडे असतो, स्क्रूने तो फक्त झाकला जातो.

माझ्या गाडीतला बिघाड निघाला पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत नेणाऱ्या, रबरी नळीत. वरून नळी नवीकोरी दिसत होती. एल्बोच्या (वळणाच्या) खालच्या बाजूला बोट फिरवलं तेव्हा नखाएवढी चीर लागली. बोटाने ती दाबून धरली आणि इंजिनाचा आवाज तिथल्या तिथे बदलला.

एवढ्याशा चिरेने इतका तमाशा का? आयडलला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. इंजिन हवा खेचत असतं पण वाट मिळत नाही, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलेंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांत) जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. धडधाकट पेट्रोल इंजिनावर गेज लावला तर समुद्रसपाटीच्या आसपास साधारण १७ ते २२ इंच पारा दाखवतो आणि काटा स्थिर राहतो. मुळात हवा इतकी कमी जात असताना बाजूने चोरवाटेने थोडी जरी घुसली तरी मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हायवेवर तीच गळती म्हणजे दर्या में खसखस. म्हणून गाडी पळताना ठीक आणि उभी राहिली की आजारी, असं असेल तर मेकॅनिक आधी विचारतो, 'कुठून एअर घेतेय का?' मॅप सेन्सरवाल्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या) गाडीत याच गळतीने कधी उलट रेस चढलेलीही दिसते, तेव्हा गोंधळून जाऊ नका.

आग लावणारी तपासणी

गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत सगळीकडे चालते. फवारा पेट घेणारा असतो आणि शेजारीच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापलेला, कॉइल ठिणगी देतेय. मला हे पटत नाही. आधी नळ्या हाताने चाचपा. पीसीव्ही, ब्रेक बूस्टरला जाणारी जाड नळी, एअर फिल्टरनंतरचा रबरी बेलो, मॅनिफोल्डचं गॅस्केट. कान दिला तर 'सुस्स' ऐकू येतं. मग स्प्रे बाटलीने पाण्याचा अगदी बारीक फवारा संशयित सांध्यावर मारा, वायरिंग सांभाळून. सांधा गळत असेल तर पाणी आत ओढलं जातं आणि आवाज क्षणभर बदलतो. हे सगळं मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढून, बाह्या आणि ओढणी पंख्यापासून लांब ठेवून.

ईसीयूचे आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर असेल तर काम आणखी सोपं. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय, ते बघा. आयडलला अधिक २० टक्के आणि अडीच हजार आरपीएमला शून्याच्या जवळ, तर हवेची गळती. उलट रेस वाढवल्यावर आकडा चढत गेला तर पेट्रोलच कमी येतंय. मग पंप, फिल्टर तपासा.

कोड वाचून पार्ट आणायला पळणं

पी ०५०६ म्हणजे रेस अपेक्षेपेक्षा कमी, एवढंच. आयडल व्हॉल्व्ह (उभ्या गाडीला लागणारी हवा सांभाळणारा) मेला असं तो म्हणत नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. यावर लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, जो बिचारा खरं बोलत होता. पी ०३०२ दुसऱ्या सिलेंडरचं मिसिंग (त्यात पेट्रोल नीट न जळणं) दाखवतो, पण प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, हे आपणच शोधायचं. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल गुन्हेगार. तिथेच राहिला तर प्लग अदलाबदल करा, मग पुढे जा.

चालू इंजिनावर प्लगची वायर उपटून 'कुठला सिलेंडर मेला' ते बघायची जुनी सवय सोडा. झटका बसतो, कॉइलही जाऊ शकते. त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर एकेक करून काढा. काढल्यावर रेस पडली तर तो सिलेंडर काम करतोय, काहीच फरक पडला नाही तर आजारी तोच.

धुण्यातल्या चुका

थ्रॉटल बॉडीवर काजळी साचली की आयडलला हवेची वाट अरुंद होते, म्हणून ती धुणं योग्यच. पण थ्रॉटल क्लीनरच्या त्याच डब्याने एअर फ्लो सेन्सरची नाजूक तार धुऊ नका, तिचा क्लीनर वेगळा मिळतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. आणि धुतल्यावर रेस चढली म्हणून घाबरू नका. ईसीयू काजळीची वाट धरून हिशेब करत होता, आता त्याला पुन्हा शिकावं लागतं. त्याची पद्धत प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी असते. बॅटरी काढून लावल्यावरही काही गाड्यांत असंच होतं.

कधी होतं, हे न बघणं

मला सगळ्यात जास्त मदत या एका प्रश्नाने झाली आहे. एसी लावला किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवलं की रेस पडते? आयडल व्हॉल्व्ह काजळीने अडकला असण्याची शक्यता मोठी. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी नीट सुरू होत नाही, घुसमटते? टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का बघा. फक्त सकाळी थंड असताना? कूलंटचा तापमान सेन्सर, कार्बोरेटरवर चोक. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) नीट मिटत नसेल तर आयडलला इंजिन आचके देतं आणि रेस दिल्यावर सुधारतं.

काटा स्थिर आहे पण केबिन हादरतेय, ऑटोमॅटिकचा गिअर डीमध्ये टाकून ब्रेक दाबला की जास्त, न्यूट्रलला कमी? बऱ्याचदा माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, गेलेलं असतं. अशा गाडीचे प्लग तीन-तीनदा बदललेले मी पाहिलेत.

आणि गॅसवर बरीच चाललेली जुनी गाडी असेल, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) कित्येक दिवसांत झालं नसेल, तर इंजिन शांत आहे म्हणून खूश होऊ नका. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल जातो, फट मिटत जाते, आवाज बंद होतो आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. सगळं बदलून झालं तरी मिसिंग जात नसेल तर कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब मोजून घ्या. सगळ्यात कमी दाबाचा सिलेंडर सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर पार्ट बदलणं थांबवा, दोष इंजिनाच्या आत आहे.

चेक इंजिनचा दिवा न लुकलुकता नुसता पेटलेला असेल तर घरापर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय, आणि तो पार्ट प्लगच्या कितीतरी पटीने महाग असतो.