अडकलेला पतंग: मुलांसोबत मातीची ॲनिमेशन फिल्म

शेजारधर्म संवादातून सांगायला गेलं की त्याचं भाषण होतं. बाहुल्यांच्या हातात काम दिलं की मुलांना तो दिसतो. बडोद्याला साजेशी गोष्ट घ्या: उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) दिवशी एका मुलीचा पतंग वडाच्या फांदीत अडकतो. तिची काठी पुरत नाही. शेजारच्या अगाशीवरून, म्हणजे गच्चीवरून, आजी कपडे वाळत घालायची काठी देते, पलीकडचे काका सुतळी देतात, तिसऱ्या अगाशीवरून झाडू येतो. सगळं एकाला एक बांधून पतंग सोडवायचा. पतंग विजेच्या तारेत अडकलेला मात्र कधीही दाखवू नका, मुलं पाहतात तेच करून बघतात. संवाद ठेवू नका. ओठ हलवायचं काम वाचतं, आणि गल्लीतल्या मराठी-गुजराती सगळ्याच मुलांना गोष्ट सारखी कळते.

लांबी दीड मिनिट पुरे. बाहुली किंचित हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, अशीच ही फिल्म बनते. सेकंदाला 12 फोटो धरले तरी 1080 फोटो होतात, आणि मुलं सोबत असली की एका बैठकीत शंभर-सव्वाशेच्या पुढे सहसा जात नाही.

कुंभाराची माती इथे चालत नाही. ती दिव्याखाली सुकते आणि कोपर-गुडघ्यापाशी तडकते. तेलाची, न सुकणारी मॉडेलिंग क्ले घ्या, 15 सेंटिमीटरच्या बाहुलीला साधारण 100 ग्रॅम. त्वचेचा आणि कपड्यांचा रंग मिसळून करणार असाल तर लागेल त्याच्या दीडपट एकदमच मळून ठेवा, कारण संपल्यावर तोच रंग पुन्हा जमत नाही. पांढरी आणि पिवळी आधी हाताळा, लाल-काळी शेवटी. मधे ओल्या फडक्याने हात पुसा, नाहीतर आजीचं पातळ दुपारपर्यंत मळकट दिसतं. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीपार जातो आणि बाहुल्या अक्षरशः वाकतात. त्यामुळे चित्रीकरण थंडीत ठेवा. उन्हाळ्यातच करायचं असेल तर भल्या सकाळी.

सांगाडा दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या तारेची दोन पेडं पिळून करा. लोखंडी बांधणीची तार वाकवली की थोडी मागे येते, हात ठरल्या जागी राहत नाही. डोक्यात मातीचा गोळा भरू नका, चुरगळलेल्या फॉइलवर पातळ थर द्या. जड डोक्याची बाहुली दहा फोटोंत पुढे झुकते. डोळ्यांसाठी पांढरे मणी वापरा, मण्याचं भोक हीच डोळ्यातली बाहुली! भोकात टाचणी घालून मणी किंचित फिरवला की नजर वळते, चेहऱ्याला बोट लागत नाही. पापणीला तीन फोटो पुरतात: अर्धी मिटलेली, पूर्ण मिटलेली, पुन्हा अर्धी.

आता खरी युक्ती. पूर्ण अंगाची बाहुली फक्त मुलीची करा. तिच्या तळपायात नट बसवा आणि प्लायवूडच्या भोकातून खालून बोल्ट आवळा. बाकीचे सगळे अगाशीच्या कठड्यामागे उभे असतात, म्हणून कंबरेपर्यंतच करा आणि लाकडी ठोकळ्यावर रोवा. पाय नाहीत, तोल नाही, चालणं नाही, तरी पडद्यावर अख्खी गल्ली उभी राहते. लांबच्या अगाश्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे आणि वाटाण्याएवढी डोकी लावा. पण ती सगळी एकाच वेळी हलवू नका. प्रेक्षकाची नजर काठीवर हवी.

उडणारा पतंग टाचणीने आकाशाच्या पुठ्ठ्यावर लावलात तर तो सरकताच मागे भोक दिसतं. त्याऐवजी पुठ्ठ्यापुढे 15 सेंटिमीटरवर काच उभी करा आणि पतंग मातीच्या कणाने काचेवर चिकटवा. दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे ठेवा, फोटो काढणाऱ्याने गडद कपडे घालावेत, नाहीतर काचेत त्याचाच सदरा दिसतो. मांजा म्हणून दोरा लावला तर तो लोंबतो आणि हलतो, मोटर वाइंडिंगची बारीक तार दिलेला बाक धरून ठेवते.

मोबाइल घट्ट स्टँडवर बसवून एअरप्लेन मोडवर टाका, मग ब्लूटूथ तेवढं पुन्हा चालू करा. फोकस, उजेड आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक करा. शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तिच्याशी न जुळणाऱ्या वेगावर एलईडीचा उजेड फोटोगणिक कमी-जास्त होऊन फिल्म लुकलुकते. खिडक्या बंद, पंखाही बंद. बटण मोबाइलला हात न लावता, ब्लूटूथ रिमोटने दाबा.

हालचाल एकसारख्या टप्प्यांत केली की बाहुली यंत्रासारखी दिसते. काठी पुढे सरकताना 1, 2, 4, 6, 4, 2, 1 मिलिमीटर अशी न्या, आणि प्रत्येक कृतीआधी सहा फोटो स्थिर घ्या. आजीने काठी दिल्यावर मुलीने तिच्याकडे पाहायला हवं, तिथे घाई करू नका. या गोष्टीत सगळ्यात जास्त फोटो त्या देवाणघेवाणीवर खर्च व्हावेत. पतंग निसटतो तो क्षण मात्र चार फोटोंत संपवा.

आवाज शेवटी जोडा, पण 14 जानेवारीलाच अगाशीवर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करून घ्या: पतंग कापल्यावरची ‘काप्यो छे!’ ही आरोळी, पिपाण्या, लांबचा लाउडस्पीकर. गाणी ओळखू येतील इतकी जवळची नकोत. वारा असेल तर मायक्रोफोनवर पातळ स्पंज बांधा.