विकीची चूल वेगळी मांडताना

आमच्या अहिराणी शब्दांच्या विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या वेबसाइटवर, ती चालवणाऱ्याने कुणाला न विचारता जाहिराती लावल्या. महिनाभर बोलून पाहिलं, मग अमळनेर, साक्री, शिरपूरकडचे आम्ही नऊ जण वेगळे निघालो. याला फोर्क म्हणतात. शेताची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला तुकडा येतो, इथं अख्खं शेत दोघांकडेही राहतं. जाहिराती येतील या धास्तीनेच २००२ साली स्पॅनिश विकिपीडियाचे बरेच संपादक बाहेर पडले आणि त्यांनी 'एन्सिक्लोपेडिया लिब्रे' उभी केली.

निघायचं तर उघडपणे निघा. जुन्या विकीच्या चर्चापानावर कारण लिहा, चार दिवस थांबा. रात्रीतून सामान उचलणाऱ्यामागे कोणी येत नाही.

मग परवाना बघा, म्हणजे मजकूर इतरांनी कसा वापरायचा याच्या अटी. 'क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए' असेल तर मजकूर नेता येतो, पण लिहिणाऱ्यांना श्रेय द्यावं लागतं आणि नव्या जागीही तोच परवाना ठेवावा लागतो. नाव आणि बोधचिन्ह मात्र त्यात येत नाही. २००६ साली विकिट्रॅव्हल या प्रवासाच्या विकीचे जर्मन संपादक निघाले, त्यांनीही 'विकिव्हॉयेज' हे नवं नाव घेतलं.

आता खरं काम. बऱ्याच विकी ज्यावर चालतात त्या मीडियाविकी सॉफ्टवेअरमध्ये 'विशेष:निर्यात' या पानावर पानांची नावं टाकली की एक्सएमएल फाइल मिळते. तिथं 'फक्त सध्याची आवृत्ती' अशा अर्थाचा एक चौकोन असतो आणि त्यावर आधीच खूण असते. ती काढा. पहिल्या वेळी माझ्याकडून ती राहिली. नव्या जागी 'आंडेर' हे पान उघडलं, अर्थ जागेवर होता, 'मुलगी'. पानाच्या इतिहासात, म्हणजे कोणी कधी काय लिहिलं त्या नोंदीत, मात्र एकच ओळ. साक्रीच्या एका आजीने नातवाकडून टंकून घेतलेली सात उदाहरणं तिच्या नावाशिवाय पडली होती. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी सगळं पुसून पुन्हा निर्यात केली. साचेही, म्हणजे अनेक पानांवर वापरलेले तयार तुकडे, सोबत घ्यायची खूण करा, नाहीतर पानांवर लाल दुवेच दिसतील. काही विकी पूर्ण इतिहास देत नाहीत, तिथे चालवणाऱ्याकडे डंप, म्हणजे सगळ्या पानांची इतिहासासकट एकगठ्ठा फाइल, मागा. भांडण असलं तरी मागा, आम्हाला मिळाला.

फोटो या फाइलीत येत नाहीत. ते वेगळे उतरवा आणि प्रत्येकाचा परवाना तपासा. भरिताच्या वांग्यांचे आमचे दोन फोटो कुणाचे हेच कळेना, ते सोडले.

मोठी फाइल ब्राउझरमधून चढवू नका, मध्येच अडकते. सर्व्हरवर 'इम्पोर्टडंप' ही स्क्रिप्ट चालवा, नंतर 'अलीकडील बदल' ही यादी नव्याने बांधणारी 'रिबिल्डरिसेंटचेंजेस'.

शेवटी मुखपृष्ठावर जुन्या विकीचा दुवा आणि नक्कल घेतल्याची तारीख टाका. जुन्या संपादकांना फोन करा, नुसता संदेश नको. त्या आजीला मी स्वतः फोन केला, तिचं नाव पानावर आहे हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग आखो लिखू का?" म्हणजे मग आणखी लिहू का? त्या आठवड्यात तिच्याकडून कानबाईच्या उत्सवातल्या रोटांचे शब्द आले.