बाईक विकताना, घेताना, चालवताना या चुका टाळा

मी माझी जुनी स्प्लेंडर पारोळ्याच्या बाजारात ओळखीतल्याच एकाला विकली, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, पैसे मोजले, आरसी आणि चावी त्याच्या हातात दिली आणि विषय संपला असं धरून चाललो. दोन वर्षांनी जळगाव कोर्टाची नोटीस घरी आली. त्या गाडीने एका म्हाताऱ्या बाबांचा पाय मोडला होता, इन्शुरन्स संपलेला, आणि दाव्यात चालवणाऱ्याच्या खाली माझं नाव, कारण आरटीओच्या रेकॉर्डला मालक अजून मीच. आई नोटीस हातात धरून ओट्यावरच बसली, "काय करी बसना रे बापा?" एवढंच म्हणत राहिली.

वकील म्हणाले, "भाऊ, तुमचा स्टॅम्प पेपर तुमच्यात आणि घेणाऱ्यात, त्या बाबांना त्याचं काय?" सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये हेच सांगितलंय, रजिस्ट्रेशन ज्याच्या नावावर, भरपाईला जबाबदार मालक तोच, मधे गाडी चार हात फिरली असली तरी. म्हणून सर्वात मोठी चूक म्हणजे टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर, कोऱ्या सह्या करून देणं. घेणारा ते फॉर्म तसेच ठेवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला देतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर आपण 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. फॉर्मवर त्याचं नाव, पत्ता, तारीख भरूनच सही करा, त्याची पोच जपून ठेवा, आणि गाडी खरंच त्याच्या नावावर झाली का हे महिनाभराने ऑनलाइन बघा. दोन-तीन हजार कमी आले तरी चालतील पण गाडी नावावर झाल्याशिवाय पूर्ण व्यवहार सोडू नका.

आपल्याकडे दुसरा प्रकार सुरतच्या गाड्यांचा. उधन्याला कामाला असलेला भाऊ गावी परत येतो, जीजे 05 ची गाडी सोबत आणतो आणि ती वर्षानुवर्षं धुळ्या-नंदुरबारात तशीच फिरते. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावाच लागतो, त्यासाठी आधी सुरत आरटीओची एनओसी लागते. गाडीवर कर्ज असेल तर त्याआधी फायनान्सवाल्याची.

इन्शुरन्सचं मला फार बोलायचंय. सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, पाच वर्षांची एकदमच घ्यावी लागते, त्यामुळे लोक पाच वर्षं पॉलिसी उघडूनच बघत नाहीत आणि सहाव्या वर्षी गाडी विनाविम्याची पळत असते. 2020 ला गाडी घेतली असेल तर ती पॉलिसी 2025 लाच संपली, आत्ता बघा. दंड पहिल्यांदा 2000 आणि दुसऱ्यांदा 4000, तो भरता येतो हो, पण कोणाला लागलं किंवा कोणी गेलं तर भरपाई घरातून द्यावी लागते, तिथे शेत विकायची वेळ येते. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, नुसती थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्या बायकोला, आईला त्या पॉलिसीतून सहसा काही मिळत नाही. त्यासाठी पूर्ण पॅकेज पॉलिसी लागते. ज्यांच्या घरातलं माणूस रोज मागे बसतं त्यांनी तो फरक भरावाच.

दहावी-बारावीचा पोरगा बापाची गाडी घेऊन अमळनेरला क्लासला जातो हे गावोगाव दिसतं. 16 वर्षांच्या पोराला लायसन्स मिळतं ते फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आपल्या घरातली स्कूटी त्यात बसत नाही. पकडला गेला तर पालकाला किंवा मालकाला 25,000 दंड, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. त्याला एसटीचा पास काढून द्या.

हेल्मेटचा पट्टा न लावणं म्हणजे कायद्याने हेल्मेट न घालणंच. पोलिसांनी अडवलं तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो त्यात धरू नका. लायसन्स जमा करून घेतलं तर पोच मागा, तो आपला हक्क आहे.

आणि अपघात झाला तर पळू नका. जखमीला दवाखान्यात न्यायचं आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचं ही चालवणाऱ्याची जबाबदारी आहे, जमाव अंगावर आला तर सरळ पोलीस ठाणं गाठा. एरंडोल-पारोळा हायवेवर कोणी पडलेलं दिसलं तर पोलिसांच्या लफड्यात अडकू म्हणून लोक पुढे जातात, पण मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून थांबा. आपल्याच माणसाला लागलं असेल तर एफआयआर, पंचनामा आणि दवाखान्याची बिलं पहिल्या दिवसापासून एका पिशवीत ठेवा, कारण भरपाईच्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांचीच मुदत आहे आणि आपल्याकडे चार महिने तर तडजोडीच्या बैठकांतच जातात.