इस्लामी समाजांत रुग्णसेवा करताना अध्यात्माविषयीच्या या चुका टाळा

रुग्ण ‘इन्शाअल्लाह’ (अल्लाहची इच्छा असेल तर) म्हणाला की त्याने सारे दैवावर सोडले आहे आणि औषधाशी त्याला देणेघेणे नाही, असे समजून पुढच्या खाटेकडे वळणे ही बाहेरून आलेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या हातून सहज होणारी चूक आहे. महाराष्ट्र-गोव्यातून आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांनी ती आधीच ओळखून ठेवावी. कुरआनच्या 26 व्या सूरहमध्ये (अध्यायात) पैगंबर इब्राहीम म्हणतात की मी आजारी पडतो तेव्हा तोच मला बरे करतो. बरे करणारा अल्लाह, परंतु वैद्य, गोळी आणि शस्त्रक्रिया हे ‘सबब’, म्हणजे त्यानेच नेमलेले निमित्त, अशी ही धारणा आहे. आपण मराठीत सबब सांगतो ती अंग काढून घेण्यासाठी. तिथे तोच शब्द प्रयत्नाच्या बाजूने उभा राहतो. ‘आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव’ हे पैगंबरवचनही याच अर्थाचे आहे.

खलिफा उमर शामकडे (आजच्या सीरियाच्या परिसराकडे) निघाले असताना तिथे प्लेग पसरल्याचे कळले आणि ते वाटेतूनच माघारी वळले. (हिजरी 18, इ. स. 639 च्या सुमाराची ही गोष्ट.) ‘अल्लाहच्या तकदीरपासून पळता?’ असे त्यांचे सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, तेव्हा ‘होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसरीकडे’ असे उत्तर उमर यांनी दिले. म्हणून ‘इन्शाअल्लाह’ ऐकल्यावर गप्प न बसता ‘मग संध्याकाळची गोळी किती वाजता घ्याल?’ असे साधेपणाने विचारावे.

शब्दांच्या निवडीतही घोळ होतो. फारसीत ‘रूहानी’ हा शब्द धर्मगुरूसाठी रूढ आहे, आणि अध्यात्मासाठी ‘मअनवियत’ म्हणतात. इराणमधील रुग्णाला दुभाष्यामार्फत ‘रूहानी मदत हवी का?’ असे विचारले, तर आपली अखेरची घटका जवळ आली असा समज होऊन तो घाबरू शकतो. त्यापेक्षा नमाजाला काय लागते, कोणाच्या भेटीने बरे वाटते, असे विचारणे सोयीचे.

खाटेभोवतीच्या वस्तूंकडे दुर्लक्ष करणे ही तिसरी चूक, आणि ती सर्वांत सहज टळणारी. इराण-इराकमधील शिया रुग्णाच्या उशाशी मातीची लहानशी वडी असते. बहुधा करबलाच्या मातीची ही ‘मोहर’ सजद्याच्या, म्हणजे नमाजात कपाळ टेकवण्याच्या, वेळी कपाळाखाली ठेवतात. एखाद्याकडे तयम्मुमसाठी, म्हणजे पाणी वर्ज्य असताना हात टेकवून शुद्धी करण्यासाठी, स्वच्छ दगड असतो. चादर बदलताना हे कचऱ्यात गेले तर रुग्ण बोलेलच असे नाही. प्लास्टर घातलेल्याने वुजूसाठी (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी) ते भिजवण्याची गरज नसते, त्यावरून ओला हात फिरवला तरी चालतो. उठता येत नसेल तर बसून वा पडून नमाज होते. ही सवलत धर्मातच आहे, हे त्याला माहीत असते. किबल्याची, म्हणजे नमाजासाठी तोंड करायची मक्केची, दिशा मात्र वॉर्डात कोणी दाखवलेली नसते.

रमजानमधील चूक सर्वांत महागात पडते. ‘उपास करू नका’ एवढेच सांगून डॉक्टर मोकळे होतात, मधुमेही मान डोलावतो आणि घरी जाऊन उपासही करतो व इन्सुलिनही टाळतो, कारण सुईने रोजा मोडेल अशी त्याला धास्ती असते. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (धर्मशास्त्र) अकादमीने 1997 मध्येच स्पष्ट केले आहे की उपचारासाठीच्या, पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा मोडत नाही. डोळ्यांत घालायच्या थेंबांनाही तेच लागू आहे. आजाऱ्याला रोजातून सूट तर कुरआननेच (2:184) दिलेली आहे. तेव्हा रमजानच्या काही आठवडे आधीच बोलणे काढावे, सहर (पहाटेचे खाणे) आणि इफ्तार (सूर्यास्ताला रोजा सोडणे) यांच्या वेळांनुसार मात्रा ठरवून द्यावी, आणि रक्तातील साखर 70 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा हे रुग्णासोबत घरच्यांनाही सांगून ठेवावे.