जगातल्या थोर वास्तू प्रवासात कशा बघाव्यात

रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळात पाऊल ठेवलं की मान आपोआप वर जाते. घुमटाच्या माथ्यावर जवळपास ९ मीटर रुंदीचा गोल झरोका आहे, कायमचा उघडा. त्यातून ऊन आत येतं, तसा पाऊसही येतो. बहुतेक लोक वर बघतात, फोटो काढतात आणि दहा मिनिटांत बाहेर पडतात. खाली बघणारे फार थोडे. खाली बघितलं तर दिसतं की फरशी मधे किंचित फुगीर आहे आणि तिच्यात पाणी निचरायला बारीक भोकं आहेत. वरचा झरोका उघडा ठेवणाऱ्यांनी खालच्या पाण्याचीही सोय केली होती, आणि ती सुमारे १९०० वर्षं काम करते आहे.

वास्तू बघण्यातला खरा आनंद मला या दोन गोष्टी एकमेकींना जोडण्यात सापडतो. त्यामुळे ‘आयुष्यात बघायलाच हव्यात अशा दहा इमारती’ इथे मिळणार नाहीत. जी इमारत बघायला जाल ती पदरात कशी पाडून घ्यायची, एवढंच सांगतो.

१. यादी करू नका, एक धागा पकडा

प्रसिद्ध नावांची यादी केली की प्रवास नुसती धावपळ होऊन बसतो. त्याऐवजी एक प्रश्न घेऊन निघा. उदाहरणार्थ, मोठ्या जागेवर मधे खांब न देता छप्पर कसं घालायचं?

हा प्रश्न घेतला तर पहिला मुक्काम पँथिऑन. तिथला घुमट ४३.३ मीटर व्यासाचा आहे, आणि जमिनीपासून झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा चेंडू बसेल. गोल भिंतीवर गोल घुमट, त्यामुळे मांडणी सरळ. अवघड होतं ते वजन. म्हणून काँक्रीटचा थर तळाशी सुमारे ६ मीटर जाड आहे आणि वर जाता जाता एक मीटरच्या जरा वर येऊन थांबतो. काँक्रीटमधली खडीही बदलत जाते. खाली जड दगड, माथ्याजवळ हलका ज्वालामुखी दगड.

दुसरा मुक्काम इस्तंबूलची हागिया सोफिया, ५३२ ते ५३७ या काळात चर्च म्हणून उभी राहिलेली आणि पुढे मशीद झालेली. इथे जागा चौकोनी आणि घुमट गोल, म्हणजे कोपऱ्यांचं काय करायचं हा पेच. उत्तर म्हणून चार कोपऱ्यांत वळणदार त्रिकोण उभे केले आहेत. पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला. पुन्हा बांधताना तो जास्त उंच घेतला, कारण चपटा घुमट भिंतींना बाहेर जास्त रेटतो. तिसरा मुक्काम फ्लॉरेन्स. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात तिथल्या कॅथेड्रलचा अष्टकोनी घुमट खालून सेंटरिंगचा आधार न घेता बांधला. एकात एक अशी दोन कवचं आहेत, आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचल्या आहेत. घुमटावर जाणाऱ्या ४६३ पायऱ्या या दोन कवचांच्या मधून चढतात. गुडघे साथ देत असतील तर त्या चुकवू नका, कारण त्या चढणीत तुम्ही बांधकामाच्या पोटातून जात असता. शेवटचा मुक्काम लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल, १७१० मध्ये पूर्ण झालेलं. तिथे आतून दिसतो तो घुमट वेगळा, बाहेरून दिसतो तो वेगळा, आणि दोघांच्या मधे विटांचा एक शंकू लपलेला आहे. माथ्यावरच्या दगडी मनोऱ्याचं ओझं तो वाहतो.

ही चार ठिकाणं एकाच प्रवासात व्हायला हवीत असं नाही. दहा वर्षांत झाली तरी चालेल. पण प्रश्न एकच असला की आधीची इमारत पुढची बघायला शिकवते.

धागे अनेक आहेत. कातळात कोरलेल्या वास्तू घ्या: वेरूळचं कैलास, जॉर्डनमधलं पेट्रा, इथिओपियातली लालिबेलाची चर्चेस. किंवा सतत नव्या होत राहणाऱ्या वास्तू घ्या: जपानमधलं इसे मंदिर दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, आणि मालीतल्या जेन्ने गावची मातीची मशीद दरवर्षी गावकरी मिळून लिंपतात. धागा कुठलाही असो, एका दिवसात दोनपेक्षा जास्त मोठ्या वास्तू ठेवू नका. तिसऱ्या इमारतीत पाय फिरतात, डोळे नाही.

२. निघण्याआधी प्लॅन हाताने काढा

फोटो भरपूर बघून झालेले असतात, प्लॅन मात्र कुणी बघत नाही. वरून दिसणारा आराखडा आणि मधोमध कापल्यासारखा दाखवलेला छेद, ही दोन चित्रं शोधा आणि कागदावर स्वतः उतरवून काढा. वेडीवाकडी आली तरी चालतील.

याचा उपयोग कसा होतो ते इराणमधल्या इस्फहानमध्ये कळतं. नक्श-ए-जहान चौकाच्या दक्षिणेला शाह मशिदीचं भव्य प्रवेशद्वार आहे. ते चौकाला अगदी सरळ भिडलेलं आहे, पण मशिदीला मक्केच्या दिशेने तोंड करायचं होतं. म्हणून दार ओलांडल्यावर सगळी इमारत सुमारे ४५ अंशात वळते. वळण आतल्या वाटेत इतकं अलगद घेतलं आहे की माणसाला आपण वळलो हेच कळत नाही. प्लॅन बघून गेलेला माणूस मात्र त्या वाटेत थांबतो.

प्लॅन काढताना तीन गोष्टी शोधून ठेवा: इमारत कशासाठी होती, कशाची आहे आणि बांधताना कुठे बिनसलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा सगळ्यात जास्त शिकवतं. पिसाचा मनोरा ११७३ मध्ये सुरू झाला आणि बांधकाम चालू असतानाच कलला. पुढच्या गवंड्यांनी वरचे मजले सरळ करायचा प्रयत्न केला, त्यामुळे मनोरा नुसता कललेला नाही, किंचित वाकलेलाही आहे. हे ठाऊक असलं की बाजूने बघताना ते वाकणं डोळ्यांना सापडतं.

३. ऊन कुठून येणार ते बघून वेळ ठरवा

नकाशावर दर्शनी बाजू कोणत्या दिशेला आहे ते पाहा. कंबोडियातल्या अंकोरवाट देवळाचं तोंड पश्चिमेला आहे. पहाटे समोर उभं राहिलात तर सूर्य देवळामागून उगवतो आणि फक्त काळी आकृती दिसते. ती सुंदरच असते, पण कोरीव काम बघायचं तर दुपार कलल्यावर जा. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चमध्ये पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत आणि पश्चिमेच्या तांबड्या-नारिंगी. सकाळी आणि संध्याकाळी तुम्ही जणू दोन वेगळ्या इमारतींत उभे असता. एकदाच जाता येणार असेल तर मी संध्याकाळ निवडेन.

मग अधिकृत संकेतस्थळ उघडा. स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या अलाम्ब्रा किल्ल्यात नासरिद महालांच्या तिकिटावर प्रवेशाची ठरावीक वेळ असते, ती चुकली की आत जाणं अवघड. ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो. हागिया सोफिया २०२० पासून पुन्हा मशीद आहे, त्यामुळे नमाजाच्या वेळा बघूनच बेत आखावा.

दुरुस्ती चालू आहे का तेही बघा. पॅरिसचं नोत्र दाम एप्रिल २०१९ च्या आगीनंतर थेट डिसेंबर २०२४ मध्ये उघडलं. पण इमारत उघडी आहे आणि बाहेर परांची लागली आहे, एवढंच असेल तर हिरमुसू नका. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळावर कित्येक दशकं काम चालू आहे. तिथे नवा पांढरा संगमरवर जुन्या पिवळसर तुकड्याला कसा बेतून बसवला आहे, हे बघणं हाच एक धडा आहे.

४. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीत

बहुतेक मोठ्या वास्तूंकडे कसं यायचं हे बांधणाऱ्यांनी ठरवलेलं असतं. तीच वाट धरा. पेट्रात सुमारे १.२ किलोमीटरची अरुंद घळ चालून गेल्यावर अचानक फटीतून ‘खजिना’ नावाच्या कोरीव वास्तूचा दर्शनी भाग दिसतो. त्या चालण्यात डोळे अरुंद जागेला सरावलेले असतात, म्हणूनच तो क्षण अंगावर येतो.

इंडोनेशियातल्या बोरोबुदूर या बौद्ध स्मारकाला पूर्वेकडून सुरुवात करून वास्तू उजव्या हाताला ठेवत प्रदक्षिणा घालत वर जा. खालच्या चौकोनी मजल्यांवर दोन्ही बाजूंना कोरीव भिंती आहेत. बाहेरचं काही दिसत नाही, नजर कथांमध्ये अडकून राहते. मग एकदम गोल मजले लागतात. भिंती संपतात आणि ७२ जाळीदार स्तूप व चहूकडचं आकाश एवढंच उरतं. जे थेट जिन्याने वर पळतात त्यांना वरचं दृश्य मिळतं, मोकळं होणं मिळत नाही.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात उलटं करा. लिफ्टने माथ्यावर जाऊन उतारावरून चालत खाली या. त्याचा वास्तुकार फ्रँक लॉइड राइट याच्या मनात तसंच होतं.

बाहेरून एक पूर्ण फेरीही मारा. मागची बाजू पुष्कळदा जास्त खरं बोलते.

५. भार कुठून कुठे जातो ते शोधा

हा भाग जमला तर बाकीचं थोडं कमी-जास्त झालं तरी चालेल. कुठल्याही इमारतीत उभे राहा आणि स्वतःला विचारा: माझ्या डोक्यावरचं वजन जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने पोचतं? बोटाने हवेत ती वाट काढा.

खांबांवर आडवी दगडी तुळई असेल तर खांब एकमेकांजवळ असणारच. दगड दाबलेला सोसतो, वाकवलेला सोसत नाही. तुळई लांब झाली की खालच्या बाजूने तडकते. ग्रीक देवळांत खांबांची एवढी दाटी का, याचं एक मोठं कारण हेच.

कमान असेल तर प्रश्न बदलतो. कमान वजन खाली नेते, पण पायथ्याशी बाहेरही ढकलते. मग तो रेटा कोण अडवतं ते शोधा: जाड भिंत, शेजारची कमान, लोखंडी ताण-सळई, की बाहेरून लावलेला टेकू? फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये आत १३व्या शतकातल्या रंगीत काचा मन भरेपर्यंत बघा. एवढ्या उंच छताखाली भिंतींच्या जागी काच कशी, असा प्रश्न पडला की बाहेर जाऊन इमारतीला वळसा घाला. तिथे दगडी अर्धकमानी, म्हणजे फ्लाइंग बट्रेस, दोन्ही बाजूंनी छताचा रेटा झेलत उभ्या आहेत. आतल्या काचेची किंमत बाहेरचा दगड मोजतो.

साग्रादा फामिलियाचा वास्तुकार गाउदी याने हा प्रश्न उलटा टांगून सोडवला. दोऱ्यांना छोटी वजनं बांधून त्या लोंबकळत ठेवल्या. दोरी फक्त ताण सोसते, म्हणून ती आपसूक ज्या वळणात लोंबते तेच वळण उलटं केलं की फक्त दाब सोसणारी कमान मिळते. साग्रादा फामिलियातले खांब तिरके का आणि वर जाऊन झाडासारखे फुटतात का, याचं मूळ या विचारात आहे. इमारतीखालच्या संग्रहालयात तशा प्रकारची प्रतिकृती बघायला मिळते.

सिडनीच्या ऑपेरा हाउसची गोष्टही याच जातीची. योर्न उत्झनच्या रचनेची निवड १९५७ मध्ये झाली, पण ती शिडांसारखी छपरं बांधायची कशी हे ठरायला काही वर्षं गेली. १९६१ मध्ये उत्तर सापडलं: सगळी कवचं ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापून घ्यायची. वक्रता एकच असल्यामुळे तुकडे साच्यातून काढता आले. तिथे गेलात तर वेगवेगळ्या शिडांची वळणं मनात एकमेकांवर ठेवून बघा.

आणि कैलास लेणं. तिथे काहीच रचलेलं नाही. कातळ वरून खाली खोदत नेला आणि देऊळ शिल्लक राहिलं. तुळई बसवायची चिंता नाही, पण चुकीचा घाव भरून काढायची सोयही नाही. आतून बघून झालं की बाजूच्या डोंगरावर चढून वरून बघा. कळसापासून काम सुरू झालं हे वरूनच पटतं.

६. मोजा, चितारा, कडेवरून नजर टाका

लांबी पावलांनी मोजा. खांबाशेजारी कुणी उभं असेल तर खांब त्या व्यक्तीच्या किती पट आहे ते बघा. पार्थेनॉनच्या कोपऱ्यावरून पायरीच्या कडेला समांतर नजर टाका. सरळ वाटणारं ते जोतं मधे फुगलेलं आहे, लांब बाजूवर सुमारे ११ सेंटिमीटर. आणि रोज एक चित्र काढा, दहा मिनिटांचं. चित्रकला येत नसली तर जास्तच काढा. पेन्सिल हातात असली की खिडक्या किती आहेत हे मोजावंच लागतं, कॅमेऱ्याला ते लागत नाही.

स्थानिक मार्गदर्शक घेतलात तर राजा-राणीच्या गोष्टींपेक्षा एक प्रश्न जरूर विचारा: इथे पुन्हा पुन्हा दुरुस्ती कुठे करावी लागते? उत्तर देताना चांगल्या मार्गदर्शकाचा चेहरा उजळतो.

प्रार्थनास्थळ असेल तर कपडे आणि पादत्राणांचे नियम आधीच वाचून जा, आणि प्रार्थना चालू असताना खांबाआड उभे राहा. कोरीव दगडाला हात लावू नका. एका हाताने काही होत नाही, पण रोज हजारो हात लागले की नाकडोळे झिजतात.

७. रात्री आठवून काढा, सकाळी परत जा

त्याच रात्री, फोटो न उघडता, इमारतीचा छेद आठवणीने कागदावर काढा. कुठेतरी पेन्सिल अडेल. त्या कोपऱ्यात छत भिंतीला कसं मिळत होतं? जिना डावीकडे वळला की उजवीकडे? तिथे प्रश्नचिन्ह करा. म्हणून मी मोठ्या वास्तूच्या गावी दोन रात्री ठेवतो आणि शक्य असेल तेव्हा दोन दिवसांचं तिकीट घेतो. दुसऱ्या सकाळी तो कागद घेऊन जायचं, थेट त्या प्रश्नचिन्हांपाशी.