शनिवार-रविवारच्या रायफल शिबिराची तयारी: इंदूरच्या नव्या नेमबाजांसाठी

दोन दिवसांच्या शिबिरात प्रत्यक्ष रायफल घेऊन लेनवर उभं राहायला मिळतं ते जेमतेम सात-आठ तास. बाकीचा वेळ सुरक्षेच्या सूचना, लेनची अदलाबदल आणि जेवण यांत जातो, आणि कोच एका वेळी एकाच्याच मागे उभे राहू शकतात. ज्याची बट प्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) अजून जुळलेली नाही, ज्याचा चष्मा दर शॉटला नाकावरून घसरतो किंवा ज्याची कंबर विसाव्या शॉटलाच बोलायला लागते, त्याच्या वाट्याला आलेली कोचची पंधरा मिनिटं ॲलन की फिरवण्यातच संपतात. शिबिरात नेम शिकायचा असेल तर बाकीचं सगळं घरून उरकून जायला हवं.

आपल्याकडे या खेळाची ओढ वाढली त्याला कारणं आहेत. महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिट, म्हणजे लष्कराचं नेमबाजी प्रशिक्षण केंद्र, इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. ऑलिंपिक खेळलेला रायफल नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर शेजारच्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा. पण त्या प्रकाराकडे जाण्याआधी बहुतेकांची सुरुवात १० मीटर एअर रायफलने होते. म्हणून खालचं सगळं एअर रायफल, उभी पोझिशन आणि उजव्या हाताचा नेमबाज धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट वाचाव्यात.

आधी एक हिशेब डोक्यात पक्का करा. टार्गेटचा व्यास ४५.५ मि.मी., आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मि.मी.चा. एका रिंगपासून दुसरी रिंग अडीच मि.मी. दूर. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं (ज्यांतून पाहून नेम धरतात ते दोन भाग) अंतर ८० सें.मी. धरलं आणि त्यांची जुळणी ०.१ मि.मी.ने चुकली, तर टार्गेटवर शॉट सव्वा मि.मी. सरकतो, म्हणजे अर्धी रिंग गेली. गाल दर वेळी चीक पीसवर त्याच जागी टेकला पाहिजे हा आग्रह कुठून येतो ते यावरून कळेल.

घरातली ड्राय प्रॅक्टिस

ड्राय प्रॅक्टिस म्हणजे पेलेट (छर्रा) न भरता केलेला सराव. शिबिराच्या दोन आठवडे आधी सुरू करा, एक दिवसाआड अर्धा तास. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. रायफल उघडून नळी रिकामी असल्याची खात्री करा, रायफल ड्राय-फायरच्या सेटिंगवर घ्या, मगच उभे राहा. नेम धरायची भिंत पक्की हवी आणि तिच्या पलीकडे कुणाची ये-जा नको. खिडकीचे पडदे ओढून घ्या. समोरच्या गच्चीवरून तुम्ही नेमबाज आहात हे कळत नाही, फक्त बंदूक दिसते. स्प्रिंगची रायफल असेल तर ती पेलेटशिवाय चालवू नका, पिस्टन आपटून सील जातं. तिच्यावर फक्त होल्डचा, म्हणजे नेम धरून स्थिर राहण्याचा, सराव करा.

भिंतीवरचा ठिपका मोजून लावा. खऱ्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मि.मी.चा असतो. तुमच्या डोळ्यापासून भिंत ५ मीटरवर असेल तर ठिपका सव्वापंधरा मि.मी.चा, ४ मीटरवर १२.२ आणि ३ मीटरवर ९ मि.मी.हून किंचित मोठा. काळ्या स्केचपेनने कंपासच्या मदतीने काढा. उंची मात्र बहुतेक जण चुकवतात. रेंजवर टार्गेटचा मध्य लेनच्या जमिनीपासून १४० सें.मी.वर असतो. पोझिशनमध्ये तुमचा डोळा १५२ सें.मी.वर असेल तर रेंजवर नजर थोडी खाली उतरत जाते. घरी ५ मीटरवर ठिपका लावताना दोन्हींच्या मधली उंची घ्या: १४६ सें.मी. सरळ १४० वर लावलात तर अंगाला जास्त खाली झुकायची सवय लागते, आणि रेंजवर गेल्यावर प्रत्येक शॉटला रायफल हाताने वर उचलावी लागते.

पहिल्या आठवड्यात ट्रिगरला हात न लावता दहा होल्ड करा, प्रत्येकी ३० सेकंद, मध्ये एक मिनिट विश्रांती. त्यानंतर वीस ड्राय शॉट. दुसऱ्या आठवड्यात ड्राय शॉट तीसवर न्या. साइट जुळल्यापासून आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्या. त्यापुढे श्वास कमी पडतो, डोळ्यात चित्र गोठून राहतं आणि हललेली साइटही स्थिर वाटायला लागते. नवशिक्या इथेच अडतो. रायफल खाली घेणं त्याला हार वाटते, आणि बाराव्या सेकंदाला मारलेला शॉट आठच्या रिंगमध्ये जातो. घरी दहातले दोन-तीन शॉट मुद्दाम सोडून द्यायची सवय लावा. गुरुवारी अगदी थोडं करा, शुक्रवारी काहीही नको. शेवटचे तीन दिवस जिममध्ये खांद्यांचा व्यायामही नको.

स्वतःची रायफल नसेल तर मीटरभर लांबीच्या फळीला चार किलो वजन बांधून होल्ड करा. कमरेला आणि डाव्या हाताला काय पेलायचं आहे ते त्याने समजतं.

पोझिशन: जोर हाडांवर घ्या

पाय खांद्याएवढे फाकवून टार्गेटला जवळपास काटकोनात. डावा नितंब थोडा टार्गेटच्या दिशेने पुढे. डावं कोपर कमरेच्या हाडाच्या कडेवर टेकवायचं, दंड बरगड्यांना चिकटलेला. रायफलचं वजन हातापासून कमरेच्या हाडावर आणि तिथून पायात उतरलं पाहिजे. दंडाचा स्नायू ताणलेला असेल तर वजन स्नायूवर आहे, आणि स्नायू थकतोच. ज्यांचा हात आखूड आहे त्यांचं कोपर हाडापर्यंत पोहोचत नाही. त्यांनी रायफल मुठीवर किंवा बोटांवर घेऊन उंची मिळवावी, पाठ वाकवून मिळवू नये. मान सरळ हवी. रायफल डोळ्यापाशी येण्यासाठी बट प्लेट आणि चीक पीसची उंची बदला, डोकं खाली नेऊ नका.

आता डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. साइट जिथे दिसेल ती तुमची नैसर्गिक दिशा. ती टार्गेटच्या डावी-उजवीकडे असेल तर उजवा पाय एक-दोन सें.मी. सरकवा. वर-खाली असेल तर डाव्या हाताची जागा किंवा बट प्लेट बदला. हाताने ओढून साइट मध्यावर आणली की ट्रिगर सुटताना स्नायू ढिला पडतो आणि रायफल पुन्हा आपल्या मूळ दिशेला जाते. ही तपासणी दर दहा शॉटनंतर करायची असते, दिवसातून एकदा केली की झालं असं नाही.

सामान जुळवणं

शुक्रवारी रात्री स्क्रू फिरवू नका. बुधवारपर्यंत सेटिंग ठरवा आणि टेप घेऊन मोजा: ट्रिगरपासून बट प्लेटपर्यंतची लांबी, बट प्लेट किती वर-खाली आहे, चीक पीसची उंची, मागच्या साइटपासून डोळ्याचं अंतर. आकडे वहीत लिहा, प्रत्येक सरकत्या भागावर पेन्सिलने बारीक रेघ मारा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. कोच हे सेटिंग बदलतील, बदलायलाच हवं. पण मूळ ठिकाण माहीत असलं तर बदलाने फरक पडला की नाही ते सांगता येतं.

पुढच्या साइटची रिंग लहान घेण्याचा मोह टाळा. काळ्या गोलाभोवती पांढरी कड ठळक दिसली पाहिजे. बहुतेकांना ४ मि.मी.च्या आसपासची किंवा त्याहून थोडी मोठी रिंग सोसते. लहान रिंगमध्ये गोल सतत कडेला चिकटलेला दिसतो, डोळा घाबरतो आणि बोट ट्रिगरवर अडकतं. डावा डोळा मिटू नका, त्याने उजवाही ताणला जातो. चष्म्याच्या डाव्या काचेवर दुधी टेप लावा किंवा ३० मि.मी. रुंदीपर्यंतची पट्टी वापरा. चष्मा असेल तर पोझिशनमध्ये उभं राहून आरशात पाहा. नजर काचेच्या कोपऱ्यातून जात असेल तर नंबर बरोबर असूनही रिंग पुसट दिसते.

कपड्यांत बारकावे बरेच. शूटिंग जॅकेटखाली पूर्ण बाह्यांचा पातळ सुती टी-शर्ट, दोन दिवसांसाठी चार. जाड स्वेटर नको. जॅकेट घट्ट होतं आणि दंड बरगड्यांपासून सुटतो. शूटिंग ट्राउझर नसेल तर चेन-बक्कल नसलेली ट्रॅक पँट घाला. जीन्सचा पट्टा नेमका तिथेच येतो जिथे कोपर टेकायचं. धावण्याचे जाड, मऊ तळव्याचे बूट इथे उपयोगाचे नाहीत, त्यावर अंग डोलतं. सपाट, कडक तळव्याचे बूट आणि सरावाला घातले होते तेच मोजे. माळव्यातल्या डिसेंबरच्या सकाळी कॅनव्हासचं जॅकेट कडक होतं, तेव्हा पहिल्या शॉटच्या वीस मिनिटं आधी घालून बटणं उघडी ठेवून फिरा. एप्रिल-मे असेल तर दर वीस शॉटनंतर जॅकेट उघडा, मानेला ओला रुमाल लावा.

पेलेट ४.५ मि.मी.चे, दोन दिवसांसाठी ५०० चा एक डबा पुरतो. एकाच बॅचचे घ्या. काही डब्यांवर ४.४९ किंवा ४.५० असा आकडा असतो, त्यांची सरमिसळ करू नका. डबा आपटला की पेलेटची मागची कड वाकते आणि तो पेलेट कुठेही जातो. बाकी सामान: ग्लोव्ह, टोपी, इअरप्लग, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी), ॲलन की, टेप, वही, दोन पेनं, नॅपकिन, पाणी.

रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची मुदत वाचा. बहुतेक एअर सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात. दाब साधारण २०० बार, पण तुमच्या सिलिंडरवर लिहिलेला आकडाच खरा. हळूहळू आणि कोरड्या हवेनेच भरा. ऑक्सिजन कधीही नाही, स्फोट होतो. दाब फार उतरला की शॉट एकामागून एक खाली पडायला लागतात, आणि माणूस साइट फिरवत बसतो.

०.१७७ बोअरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तरी ओळखपत्र आणि बिलाची प्रत जवळ असू द्या. रायफल बंद केसमध्ये, रिकामी, सेफ्टी फ्लॅग लावलेली. राजवाड्याच्या गर्दीतून दुचाकीवर पाठीला लांब केस अडकवून जाण्यापेक्षा रिक्षा करा.

रेंजवर

पोहे चालतात, शॉट सुरू होण्याच्या दीड तास आधी. जिलबी आणि तिखट कचोरी दुपारनंतर. रोज एक कप चहा घेत असाल तर घ्या. तो बंद केला तर डोकं दुखेल, तीन कप घेतलेत तर नाडी साइटमध्ये उड्या मारताना दिसेल. शनिवारी रात्री पाहुण्या मित्रांना सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) फिरवायचा बेत सोमवारवर ढकला. अकरानंतरची जागरणं रविवारी सकाळी होल्डमध्ये दिसतात.

केस उघडण्याआधी लेन विचारून घ्या. रायफल बाहेर काढताना नळी टार्गेटकडेच. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड हे चार हुकूम कानात बसवा. ‘स्टॉप’ ऐकलं की बोट ट्रिगरवरून बाहेर, शॉट अर्ध्यावर असला तरी. कुणी पुढे जाणार असेल तर रायफल उघडी, फ्लॅग लावून टेबलावर ठेवा आणि मागे सरका. गडबडीत पेलेट उलटा बसतो किंवा एकावर दुसरा भरला जातो. शंका आली तर हात वर करा, नळीत डोकावून पाहू नका.

पाच शॉटचा ग्रुप झाल्याशिवाय साइटला हात लावायचा नाही. एक क्लिक म्हणजे किती ते स्वतः मोजा: पाच शॉट मारा, साइट दहा क्लिक एका बाजूला फिरवा, पुन्हा पाच शॉट, दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर मोजून दहाने भागा. नॉबवरच्या बाणाचा अर्थ सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, त्यामुळे दिशाही लिहून ठेवा.

स्क्रीनकडे पाहण्याआधी शॉट कुठे गेला ते मनात ठरवा: ‘तीन वाजता, नऊ’, म्हणजे घड्याळातल्या तीनच्या दिशेला, नऊच्या रिंगमध्ये. मग पाहा आणि दोन्ही लिहा. तुमचे अंदाज मध्यावर आणि शॉट सगळे एकाच बाजूला, तर साइट चुकली आहे. अंदाज आणि शॉट जुळतात पण विखुरलेले, तर होल्ड कच्चा आहे. शॉट वर-खाली पसरले तर श्वास दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबतो आहे. आडवे पसरले तर आधी पाय आणि दिशा तपासा, मग बोट: ते ट्रिगरला सरळ मागे ओढतं आहे की बाजूला ढकलतं आहे? दोन वेगळे पुंजके पडले तर जवळजवळ नेहमी गालाची जागा बदललेली असते. अशी वही समोर ठेवली की कोच नेमकं निदान करतात. नुसतं ‘आज लागतच नाहीये’ म्हटलं तर त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

रविवारी दुपारी स्कोअर घसरतो, बहुधा थकव्याने. तेव्हा नवीन काही बदलू नका. शेवटचे वीस शॉट कोचने सांगितलेल्या एकाच गोष्टीवर मारा, आकडे न पाहता. सगळं आवरल्यावर सिलिंडर काढा, बदललेली सेटिंग पुन्हा मोजून जुन्या आकड्यांशेजारी लिहा. पेलेट शिशाचे असतात, म्हणून जेवणाच्या डब्याला हात न लावता थेट बेसिनकडे जा आणि साबणाने मनगटापर्यंत हात धुवा. मुलांबरोबर आलेल्या आई-बाबांनीही हे पाहावं, कारण बाहेर पडल्यावर पहिला हात कचोरीवरच पडतो.