थंड तेलावर लावलेला पंप

आयटीआयचा डिझेल मेकॅनिक ट्रेड करून मी नाशिकच्या एका पंप रूमला, म्हणजे डिझेल इंजिनाचे इंजेक्शन पंप दुरुस्त करून लावतात त्या वर्कशॉपला, लागलो, तेव्हा थिअरी पाठ होती. प्लंजरचा (डिझेल ढकलणाऱ्या दांड्याचा) स्ट्रोक तेवढाच राहतो, रॅक (दात्यांची पट्टी) सरकला की प्लंजर फिरतो आणि तिरप्या खाचेमुळे डिझेल कमी-जास्त होतं. तुम्हालाही हे येतच असेल, म्हणून ते सोडतो.

मी फसलो टेस्ट ऑईलच्या, म्हणजे पंप तपासताना डिझेलऐवजी वापरतात त्या तेलाच्या तापमानात. जानेवारीतली सकाळ, सहा सिलिंडरच्या ट्रकचा इनलाइन पंप (दर सिलिंडरला एक प्लंजर, सगळे एका ओळीत) आणि गिऱ्हाईक दारात उभं. बेंच (पंप फिरवून दर सिलिंडरचं तेल वेगळ्या ग्लासात मोजायचं मशीन) चालू करून मी लगेच रीडिंग घेतलं. पंपाच्या ठरलेल्या मापांच्या चार्टात फुल लोडला हजार स्ट्रोकला ७० सीसी होते, माझ्या ग्लासांत ७४-७५ येत होते. प्लंजर फिरवणाऱ्या एकेका स्लीव्हचा स्क्रू सैल करून, स्लीव्ह केसभर फिरवून सहाही ग्लास ७० वर आणले. तिसऱ्या दिवशी ट्रक परत! इंजिन तापलं की आयडलला (ॲक्सिलरेटर सोडून नुसतं चालू ठेवलं तर) बंद पडतं, घाटात ओढत नाही.

कारण नीट समजून घ्या. प्लंजर आणि बॅरल (त्याभोवतीची नळी) यांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. थंड तेल दाट असतं, त्या फटीतून मागे कमी गळतं, म्हणून ग्लासात जास्त दिसतं. चार्टातले आकडे ४० अंशांच्या तेलाचे असतात. त्या तापमानाला तेल पातळ होतं, गळती वाढते, ग्लास खाली येतो. म्हणजे मी जास्तीचं म्हणून जे कापलं, ते जास्तीचं नव्हतंच. आयडलला हा फटका सर्वांत मोठा. इंजिन ६०० आरपीएमला तर पंप ३०० ला, प्लंजर सावकाश चढतो, तेलाला निसटायला वेळ मिळतो. त्यातच त्या पंपाचे दोन एलिमेंट (प्लंजर-बॅरलच्या जोड्या) झिजलेले होते. दाट तेलावर सहाही सारखे दिसले. नंतर ४० अंशांवर मोजलं, तेव्हा तिसरा आणि पाचवा ग्लास स्पष्ट खाली गेला. थंड तेल झिजलेलं एलिमेंट लपवतं.

ट्रक परत आल्यावर, हे कळायच्या आधी, मी दुसरी चूक केली. पंप पुन्हा बेंचवर न घेता गाडीवरच फुल लोडचा स्क्रू वाढवला. ओढ आली, पण चांगले चार सिलिंडर काळा धूर ओकायला लागले आणि कमजोर दोन कमजोरच राहिले. ‘सील तोडून थोडं वाढवून देतो’ म्हणणारा माणूस कितीही जुना असो, त्याच्याकडून हे काम शिकू नका. चार्ट कपाटात ठेवून ‘कानाने लाव’ सांगणाऱ्या उस्तादाकडूनही नको. कानाला धूर ऐकू येत नाही.

माझा क्रम आता ठरलेला आहे. पंप न लावता आधी बेंच चालवून तेल तापवायचं, मग पंप बसवून तोही तेवढा होईपर्यंत फिरवायचा. तेलाच्या मात्रेआधी फेजिंग: पहिल्या सिलिंडरपासून दर ६० अंशांना पुढच्याची डिलिव्हरी सुरू व्हायला हवी. टॅपेट (प्लंजर उचलणारा भाग) हलवला की आधी घेतलेली मात्रा धरायची नाही. मग फुल लोड, मग आयडल, शेवटी गव्हर्नरचा कट-ऑफ (ठरलेल्या वेगाला डिझेल तोडणं). फेस बसल्याशिवाय ग्लास वाचायचा नाही, आणि पुढच्या रीडिंगआधी तो पुरता निथळू द्यायचा.

नोझल टेस्टरच्या (इंजेक्टर तपासायच्या हातपंपाच्या) फवाऱ्यापुढे हात कधीही नेऊ नका. तो कातडीत घुसतो. दुखलं नाही तरी त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

पहिले काही महिने सहा ग्लास जुळवताना रडू येईल. एक वर आणला की दुसरा खाली वाटतो. मला हात बसायला दीड वर्ष लागलं, आणि माझ्याबरोबरच्या दोघांनाही जवळपास तेवढंच. तोवर प्रत्येक पंपाचं रीडिंग वहीत लिहा, शेजारी तेलाचं तापमानही. त्या ट्रकच्या पानावर मी ते लिहिलेलं नव्हतं.